टेकाडाकडची बाजू

मुलांनो, थोडा वेळ डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक घर उभं करा. भिंती घालू नका. खिडक्या तर नकोतच. नुसतं छप्पर घ्या, झावळ्यांचं, जाडजूड, दोन्हीकडून उतरतं, आणि ते थेट जमिनीला टेकवा. वाचता वाचता मध्येच पालथं घातलेलं पुस्तक असतं ना, तसं. आता पुढच्या अंगाला एक दार ठेवा, तुम्हालासुद्धा वाकावं लागेल इतकं बुटकं. शिरा आत. अंधार आहे. जमीन थंड लागते. उभं राहायचं तर अगदी मधोमध, आढ्याखाली; जरा बाजूला सरकलात की डोक्याला झावळ्या टोचतात. वारा अशा घराला धरायला येतो, पण धरणार कुठे? कोपरा नाही, वळचण नाही. तो वरून घसरतो आणि निघून जातो.

बसलात? मग तिथेच बसा. क्यूबाच्या पश्चिम टोकाला, तंबाखूच्या मळ्यांच्या मुलखात, युसिमी नावाच्या मुलीच्या घरामागे अशीच एक खोपी होती. बाकी घरं कशीही असोत, पत्र्याची, कौलाची, नाहीतर सिमेंटची, चक्रीवादळ आलं की माणसं खोपीत जात.

ही खोपी दोन घरांची होती. युसिमीचे आजोबा एलिखिओ आणि शेजारचा वेन्तुरा, दोघांनी मिळून ती बांधली होती. एकानं टेकाडाच्या बाजूनं वासे रोवत आणले, दुसऱ्यानं नदीच्या बाजूनं, आणि आढ्यावर दोघांचे वासे एकमेकांना बांधले. म्हणून दारातून आत गेलं की डावीकडची, टेकाडाकडची बाजू वेन्तुराच्या घराची आणि उजवीकडची, नदीकडची बाजू एलिखिओच्या घराची. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच कधी पडली नाही.

आता एलिखिओ नव्हते आणि वेन्तुराही नव्हता. वेन्तुराची बायको रुफिना तेवढी होती, पायवाटेच्या पलीकडच्या लाकडी घरात एकटी. गुडघ्यानं अधू आणि जिभेनं खणखणीत. युसिमीला लिहायला शिकवलं शाळेनं, पण दोरीच्या गाठी मारायला शिकवलं रुफिनाआजीनं.

युसिमीचे बाबा, रेनेरिओ, निष्काळजी माणूस नव्हते. ते तुम्ही आधीच मनात धरू नका. पावसाळ्याआधी ते खोपीच्या कुजक्या झावळ्या काढून नव्या बांधत. दाराला नवा अडसर त्यांनीच बसवला होता. एक कुऱ्हाड आत टांगलेली असे, वर झाड पडलं तर आतून तोडून बाहेर यायला. फक्त वादळं चार-दोन वर्षं आली नाहीत की रिकामी जागा माणसाला बघवत नाही. आधी बियाण्याची पोती आत गेली. मग नांगराचा फाळ, मग लासारोचा मोडका पाळणा. लासारो म्हणजे युसिमीचा धाकटा भाऊ. आता तो चालायला लागला होता.

आणि त्या उन्हाळ्यात तंबाखू आत गेली. तंबाखू वाळवायच्या मोठ्या कोठारावरचा पत्रा गळत होता, आणि पानं न्यायला येणारा ट्रक ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणत म्हणत आलाच नव्हता. वाळलेल्या पानाला पाणी लागलं की ते काळं पडतं आणि वर्ष वाया जातं. म्हणून बाबांनी पानांचे गठ्ठे बांधले, प्रत्येकाला पामच्या विरीचं, म्हणजे झावळीच्या बुडाच्या रुंद, चिवट सालीचं, वेष्टण घातलं आणि खोपीत रचले. टेकाडाकडची बाजू आढ्यापर्यंत भरली. राहिलेले गठ्ठे नदीकडच्या बाजूला आले. युसिमी स्वतः दाराशी उभी राहून एकेक गठ्ठा आत ढकलत होती.

“बाबा, ही रुफिनाआजीची बाजू ना?” तिनं विचारलं होतं.

“ती कुठे इथे राहायला आलीये? ट्रक आला की सगळं रिकामं.”

ट्रक आला नाही. वादळ आलं.

रेडिओवर आदल्या दिवसापासून तेच चाललं होतं. वादळाला एका बाईचं नाव दिलेलं होतं. ते ऐकून रुफिनाआजी म्हणाली, “बघ, नाव बाईचं ठेवायचं, म्हणजे छप्परं उडाली की शिव्यापण बाईलाच.”

युसिमी तेव्हा तिच्याच अंगणात होती, कोंबड्या पकडायला मदत करत. आजी खिडक्यांवर फळ्या ठोकत होती. खिळे तिच्या ओठांत धरलेले होते, तरी बोलणं थांबत नव्हतं. आईनं युसिमीला पाठवलं होतं ते आजीला सांगायला, की पिंपं भरून घ्या, विहिरीवर झाकण बांधा, घरात असेल नसेल ते शिजवून ठेवा.

“तुझ्या आईला सांग, पाणी भरायला मी तिच्या जन्माआधीपासून शिकलेय. आणि अळकुड्या उकडत ठेवल्यात, तुमच्यापण. रेनेरिओला मिठाशिवाय चालत नाहीत, म्हणून मीठ जरा चढं घातलंय.”

इतक्यात ओस्मानी आला. वादळाच्या वेळी माणसं हलवायचं काम गावात त्याच्याकडे असे. त्याचा ट्रॅक्टर पायवाटेच्या तोंडाशी उभा होता आणि मागच्या ट्रॉलीत आधीच खूप माणसं, गाद्या, एक टीव्ही, एक बकरी असं सगळं कोंबलेलं होतं.

“रुफिना मावशी, चला! शाळेत सोय केलीये. पक्कं छत आहे.”

“शाळेत? त्या बाकांवर? माझा गुडघा बघितलास का?”

“गुडघ्याला उशी देतो की. चला हो, नदी चढतेय, पुन्हा फेरी होणार नाही.”

“अरे बाबा, मला जागा आहे. खोपीत. टेकाडाकडची बाजू माझी, ठाऊक नाही का तुला? पंचाईत असलेल्यांना ने. त्या बकरीलापण उतरव, एक माणूस मावेल.”

ट्रॉलीतली माणसं हसली. ओस्मानीही हसला. मग त्यानं युसिमीकडे पाहिलं. “आणि तुमचं काय गं? रेनेरिओ येतोय का?”

“बाबा म्हणाले आम्हीपण खोपीत,” युसिमी म्हणाली.

तिच्या हातात एक तांबडी कोंबडी होती आणि त्या कोंबडीचं काळीज युसिमीच्या तळव्याखाली धडधडत होतं. आत्ता सांगायला हवं, असं तिला वाटलं. आजी, तुझ्या बाजूला जागा नाही. एवढंच तर म्हणायचं होतं. पण मग आजी विचारणार, का नाही, आणि मग बाबांचं नाव सांगावं लागणार, ओस्मानीसमोर, ट्रॉलीतल्या सगळ्यांसमोर. आणि बाबा काय, काढतीलच की गठ्ठे. आज दुपारपर्यंत काढतील.

ट्रॅक्टर निघून गेला. त्याचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत युसिमी उभी होती.

घरी आली तर बाबा छपराच्या पत्र्यांवरून तार ओढून घेत होते. बैल त्यांनी मोकळे सोडले होते, गोठा अंगावर पडू नये म्हणून. आई कागदपत्रं आणि काडेपेट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळत होती.

“बाबा, रुफिनाआजीनं ओस्मानीला नाही म्हटलं. ती खोपीत येणारे.”

बाबांचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

“बरं,” ते म्हणाले.

“मग गठ्ठे?”

“बघतो गं. आधी हे होऊ दे. तार धर जरा.”

आई आतून म्हणाली, “रेनेरिओ, बघतो नाही. आत्ता काढा. कोठारात न्या.”

“कोठार पहिल्या झटक्याला बसणार आहे, मिग्दालिया. तुला माहितीये, मला माहितीये. कोठारात ठेवणं म्हणजे नदीत टाकणं.”

“मग घरात ठेवा.”

“घराचे पत्रे राहिले तर ना.”

आई पिशवीला गाठ मारू लागली. घर गेलं तर ते पुन्हा उभं करायला त्या पानांखेरीज त्यांच्याकडे काही नव्हतं. बाबा त्या गठ्ठ्यांकडे पाहत तेव्हा त्यांना तंबाखू दिसत नसे. खिळे, पत्रे, लासारोचे बूट दिसत. हे युसिमीला कळत होतं, आणि म्हणूनच ती पुढे काही बोलली नाही.

दुपारी आकाश पिवळट झालं. वारा आधी थोडा थोडा येत होता, थांबून थांबून. मग थांबेनासा झाला. आई लासारोला घेऊन खोपीत शिरली, पाठोपाठ युसिमी. नदीकडच्या बाजूला गठ्ठ्यांपुढे एक चिंचोळी पट्टी उरली होती. तिथे गुडघे पोटाशी घेऊन बसता येत होतं.

रुफिनाआजी आली तेव्हा पाऊस आडवा लागला होता. एका हातात पातेलं फडक्यात बांधलेलं, दुसऱ्या हातात पिशवी, आणि पिशवीतून तांबड्या कोंबडीचं डोकं बाहेर. वाकून ती दारातून आत आली, पातेलं आईच्या हातात दिलं आणि डावीकडे वळली. तिथे गठ्ठ्यांची भिंत होती. हातानं चाचपत तिनं वरपर्यंत अंदाज घेतला.

“रेनेरिओ,” ती म्हणाली, “माझ्या बाजूला कोण रे पाव्हणे?”

बाबा दारातच होते. “मावशी, ते ट्रक आला नाही म्हणून... तुम्ही बसा इथे. दाटीवाटीनं होईल सगळं.”

“दाटीवाटी माणसांत होते, बाळा. ही पानं पाय थोडीच आखडून घेणारेत?”

“बसा तर खरं.”

“हा गुडघा दुमडत नाही. वेन्तुरा गेला त्या वर्षापासून नाही दुमडत. मला पाय पसरायला लागतो, तुला ठाऊक आहे.”

“रेनेरिओ, काढा ते!” आई ओरडली. लासारो रडायला लागला.

बाबांनी एक गठ्ठा उचलला. युसिमीला वाटलं, सुटलो. ते गठ्ठा घेऊन दाराशी गेले. बाहेर पाहिलं. समोरच्या अंगणात पाण्याचे लोटच्या लोट चालले होते आणि कोठाराचा एक पत्रा मोकळा होऊन फडफडत होता. बाबा तसेच उभे राहिले, गठ्ठा पोटाशी धरून, झोपलेलं मूल धरावं तसा. मग ते वळले आणि तो होता तिथे परत ठेवला.

“जरा ओसरू दे,” ते म्हणाले. “एक सर ओसरली की चार काढतो. शप्पथ.”

रुफिनाआजीनं हे सगळं पाहिलं. तिनं वाद घातला नाही. जिभेनं एवढी खणखणीत बाई, पण त्या वेळी तिनं काही म्हणजे काही ऐकवलं नाही, आणि ते युसिमीला जास्त लागलं.

“राहू दे,” आजी म्हणाली. “माझं घर काही कागदाचं नाही. वेन्तुरानं बांधलेलं आहे. अळकुड्या गरम आहेत तोवर खा.”

आणि ती वाकून बाहेर पडली.

“मावशी!” आई ओरडली. “अहो, धरा त्यांना! रेनेरिओ!”

बाबा बाहेर गेले. त्यांची हाक ऐकू आली, मग आणखी एक. मग काहीतरी मोठं, लाकडाचं, कुठेतरी आदळलं. बाबा आत आले ते निथळत, एकटेच. त्यांनी दार लोटून अडसर घातला आणि त्याला पाठ लावून बसले. नंतर कुणी काही बोललं असतं तरी ऐकू आलं नसतं.

त्या आवाजाचं मी वर्णन करणार नाही. तुम्ही आत बसलेलेच आहात. झावळ्या थरथरत होत्या, पण खोपी हलली नाही. दोन माणसांनी रोवलेले वासे त्यांनी रोवले तसेच राहिले. युसिमीच्या पाठीला सगळा वेळ एक गठ्ठा लागलेला होता. कोरडा, उबदार, गोडसर वासाचा. तिनं त्याला टेकायचं नाही असं ठरवलं, पण जागाच नव्हती.

सकाळी बाबांनी दार उघडलं तेव्हा आधी प्रकाशच वेगळा वाटला. झाडांना शेंडे नव्हते. उंच पामची झाडं नुसते खांब होऊन उभी होती. कोठार आडवं झालं होतं, बाबा म्हणाले होते तसंच. घराची स्वयंपाकघराकडची भिंत शिल्लक होती, बाकी सगळं पलीकडच्या शेतात.

बाबांनी घराकडे पाहिलंसुद्धा नाही. ते थेट पायवाटेनं धावत सुटले, आणि युसिमी त्यांच्यामागे.

रुफिनाआजीचं घर बसलं होतं. फळ्यांचा ढीग, वर छपराचा तुकडा. बाबा नुसत्या हातांनी फळ्या उपसू लागले, खिळ्यांसकट. आजी टेबलाखाली होती. टेबल टिकलं होतं, पण तिला जो पाय दुमडता येत नव्हता तो टेबलाबाहेर राहिला होता, आणि नेमकी त्याच्यावर तुळई आली होती.

ती जिवंत होती. डोळे उघडे होते. बाबा “मावशी, मावशी” म्हणत होते आणि रडत होते. आजी त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती त्यांच्या खांद्यावरून वर, उघड्या आकाशाकडे पाहत होती.

मांडीचं हाड मोडलं होतं. आईनं पामची विरी भिजवून पायाभोवती गुंडाळली, दोन्ही बाजूंनी काठ्या लावून बांधली. गाठी युसिमीनं मारल्या. मग एका मोडक्या दारावर निजवून तिला त्यांनी आपल्या उरलेल्या भिंतीपाशी आणलं आणि वर दोन पत्रे तिरके टेकवून आडोसा केला. खोपीत न्यायचं कुणी म्हणालं नाही. खोपीत गठ्ठे होते. एका पानालाही पाणी लागलेलं नव्हतं.

पूल वाहून गेला होता. दुपारी ओस्मानी पलीकडच्या काठावर आला आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडू लागला. बाबा अलीकडून ओरडत होते. पाणी उतरलं की होडी, होडीनं डॉक्टर. तोवर हलवू नका, पाय उंच ठेवा. एवढंच काय ते कळलं.

पाणी उतरलं नाही. वर डोंगरात अजून पडतच होता. आजीला ताप चढला, आणि पुढचे काही दिवस युसिमी तिच्यापाशी बसून राहिली. झाकणानं वारा घालायचा, माश्या हाकलायच्या, चमच्यानं साखरपाणी पाजायचं. बाबा पत्र्याचे तुकडे गोळा करून आणत आणि आडोशाजवळून जाताना मान खाली घालत. आजी त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. आईशी थोडं बोले. युसिमीशी बोले, पण तेही कोंबडीबद्दल.

“मिळाली का गं?”

“नाही आजी.”

“कुठेतरी बसली असेल. मूर्ख होती, पण पाय चांगले होते तिचे.”

एकदा, ताप जरा उतरलेला असताना, युसिमीला राहवलं नाही. ती म्हणाली, “आजी, मला माहीत होतं. ओस्मानीकाका आले ना, तेव्हाच. तुझी बाजू भरलीये ते.”

आजीनं मान तिच्याकडे वळवली.

“मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं बाबा काढतील.”

“हं,” रुफिनाआजी म्हणाली. “मलापण.”

तिनं डोळे मिटून घेतले. रागावली होती की नाही, ते युसिमीला कळलं नाही. मुलांनो, मोठं माणूस रागावलं तर निदान काय झालं ते कळतं. युसिमीला तेवढंही कळलं नाही, आणि ती झाकणानं वारा घालत राहिली, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

मग रेडिओवर दुसऱ्या वादळाची बातमी आली.

अशीही वर्षं येतात. पहिल्यानं मोडलेलं गोळा होण्याआधी दुसरं समुद्रात तयार होतं, आणि त्याच वाटेनं येतं. या वेळी नाव पुरुषाचं होतं. त्यावर आजी काही बोलली नाही.

आईनं बाबांना बाजूला घेतलं, पण एका भिंतीच्या घरात बाजूला म्हणजे कितीसं बाजूला? युसिमीला सगळं ऐकू येत होतं.

“आता मावशींना आत न्यायला हवं.”

“नेऊ की. मी कुठे नाही म्हणतोय?”

“निजवून न्यायला हवं. सरळ. मोडका पाय घेऊन त्या बसणारेत का?”

“अगं, उत्तरेकडे वळेल म्हणतायत. अजून दोन दिवस...”

“उद्या, रेनेरिओ. उद्या म्हणाले.”

“मग होडी येईल आज. पाणी खाली गेलंय जरा. मी बघून येतो.”

“आणि होडी नाही आली तर?”

बाबांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. “घर नाही, कोठार नाही. एक तेवढं राहिलंय, मिग्दालिया. एक. तेपण चिखलात टाकू? मग हिवाळ्यात या पोरांना काय विरी खायला घालू?”

आई लासारोला कडेवर घेऊन पाणी भरायला निघून गेली, कारण पिंपं पुन्हा भरायची होती, खिळे पुन्हा वेचायचे होते. वादळाची तयारी थांबत नाही, तुमच्यापाशी काही उरलेलं असो वा नसो.

बाबा नदीकडे गेले. त्यांची पाठ उतारावरून खाली जाताना युसिमीनं पाहिली. ती पाठ म्हाताऱ्या माणसासारखी दिसत होती.

पाऊस भुरभुरायला लागला होता. आडोशाखाली रुफिनाआजी जागी होती. पत्र्याच्या भोकातून एक थेंब तिच्या गालावर पडत होता, पुन्हा पुन्हा, त्याच जागी. तो पुसायला तिनं हातही वर केला नाही. युसिमीनं आपल्या बाहीनं तो पुसला. आणखी एक पडला.

ती उठली. खोपीपाशी गेली, वाकली आणि आत शिरली.

डोळे सरावेपर्यंत थांबली. मग डावीकडच्या ढिगातला सगळ्यात वरचा गठ्ठा दोन्ही हातांनी ओढला. तो अंगावर आला आणि तिला घेऊनच खाली पडला. उचलता येईना. मग तिनं विरीच्या कडेला बोटं खुपसली आणि उलटं चालत, ओढत ओढत, तो दारापर्यंत आणला. उंबरठ्याला अडकला, तेव्हा बसून दोन्ही पायांनी ढकलला. चिखलात पडल्यावर विरीवर पावसाचे थेंब वाजू लागले. टप टप, मग भराभर.

एवढं ओढून ती घामानं भिजली. थांबली मात्र नाही. दुसरा बाहेर काढला. तिसऱ्याची गाठ सुटली, आणि पानं दारात पसरली, तपकिरी, रेशमासारखी मऊ. आजोबा अशी पानं गालाला लावून बघायचे. तिनं ती पायानं बाजूला सारली आणि पुढचा गठ्ठा धरला.

किती काढले ते तिनं मोजलं नाही. ढीग खाली आला, मागे सरकला, आणि उतरत्या झावळ्यांखाली जमिनीची एक पट्टी मोकळी झाली. थंड, कोरडी. तिथे खूप दिवसांत कुणी झोपलेलं नव्हतं. तिनं हातानं खडे वेचून टाकले.

बाहेर, उताराखालून, बाबांची हाक आली. “युसिमी! युसिमी, काय करतेस गं तिथे?” हाक जवळ येत होती. होडीबद्दल त्यात काही नव्हतं.

युसिमीनं ओ दिली नाही. त्या पट्टीवर ती पाठ टेकून आडवी झाली, डोकं दाराकडे आणि पाय आत. आजी तिच्यापेक्षा बरीच उंच होती, म्हणून तिनं दोन्ही हात डोक्यावरून मागे, जातील तितके लांब ताणले. एक पाय सरळ, अगदी बांधल्यासारखा ताठ ठेवला. टाच गठ्ठ्याला लागत होती. अजून थोडं हवं होतं.

ती उठली आणि तो गठ्ठा ओढायला लागली.